पुदिन्याची परवानगी

धोंडीराम पगारे फोनवर एकच शब्द जास्त बोलले, आणि तिथून सगळं सुरू झालं.

त्यांची मुलगी स्नेहल कळवणला मास्तरीण होती. दर बुधवारी संध्याकाळी तिचा नाशिकला फोन यायचा. प्रश्न ठरलेले. गोळी घेतली का, दूधवाला येतो का, आणि जेवलात काय. दिवाळीत पत्नी मंगलाबाई गेल्या, तेव्हापासून पगारे या प्रश्नांना 'घेतली', 'येतो' आणि 'वरणभात', फार तर 'पिठलं', अशी उत्तरं देत आले होते. पैकी वरणभात हा कधी खरा असायचा, कधी नसायचा. त्या बुधवारी तर त्यांनी मोरीपाशी उभ्या उभ्या शेव आणि पाव खाल्ला होता. हे मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. वरणभात मागच्या बुधवारी सांगून झाला होता, पिठलं त्याच्या आधी. म्हणून ते म्हणाले, "काकडीची कोशिंबीर केली होती. पुदिना घालून."

नुसती कोशिंबीर कदाचित खपून गेली असती. पुदिन्याने घात केला. पगाऱ्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती, हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते, आणि प्रस्तावात नको तेवढा तपशील घातला की वरून चौकशी येते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण माणूस दुसऱ्याच्या फायलीत हुशार असतो.

तिकडून स्नेहल म्हणाली, "कोणी केली?"

"मी."

"तुम्ही, पप्पा?"

"मग काय कलेक्टर येणार आहे करायला?"

"बरं," स्नेहल म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये मंगलाबाईंचं 'बरं' जसंच्या तसं उतरलं होतं, आणि त्याचा अर्थ कधीच बरा नसायचा. "परीक्षा संपू दे, भीमजयंती होऊ दे. मग त्या रविवारी येते मी. तुमच्या हातची कोशिंबीर खाईन. आणि बोलायचंही आहे. मनोजने मागची खोली रिकामी केलीये. चुनासुद्धा मारून घेतला."

फोन ठेवून पगारे स्टुलावर बसले. कळवण वाईट नव्हतं. जावई मनोज तर सोन्यासारखा. पण माणसासाठी चुना मारून ठेवलेल्या खोलीचा एक चेहरा असतो, तो त्यांनी ओळखीच्या बऱ्याच निवृत्तांच्या घरी पाहिला होता. ओट्यावर खुर्ची. दुपारपर्यंत पेपर. मग नुसती दुपार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख करून द्यायची, 'हे आमच्या मॅडमचे वडील.' इथे पंचवटीत निदान ते पगारे होते. आणि इथल्या घरात मंगलाबाई आता नव्हत्या हे खरं, पण कळवणच्या खोलीत तर त्या कधी नव्हत्याच.

थोडक्यात, आता कोशिंबीर करून दाखवणं भाग होतं.

दुसऱ्याच दिवशी ते पिशवी घेऊन भाजीबाजारात गेले. या बाजारात ते संसारभर आले होते, पण पिशवी धरायला. निवड मंगलाबाईंची, घासाघीस मंगलाबाईंची. पगारे मागे उभे राहून रामकुंडाकडे जाणारी माणसं बघत. आता त्यांच्यासमोर काकड्यांचा ढीग होता आणि ढिगामागे पेठकडून जीपने माल घेऊन येणारी साळूबाई होती.

"कडू नाहीत ना?" पगाऱ्यांनी अधिकारवाणीने विचारलं.

"लय गोड हाय बाबा. कडू निघाली तं माझं नाव बदला."

पगाऱ्यांनी एक काकडी उचलली, दाबली, कानाशी नेऊन वाजवूनही पाहिली. कलिंगड वाजवतात हे त्यांना आठवत होतं. काकडीचं नक्की काय करतात ते आठवत नव्हतं. साळूबाईने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने पदर तोंडाला लावला. पगाऱ्यांनी आणखी काही न वाजवता काकड्या घेतल्या.

घरी येऊन त्यांनी काकडी किसली, दही घातलं, मीठ घातलं आणि एक चमचा तोंडात टाकला. ती चव त्यांनी लहानपणी तापात काडेचिराईताच्या काढ्यात घेतली होती. साळूबाईचं नाव बदलायची वेळ आली होती. पण पगारे न्यायप्रिय माणूस. शेंगदाण्याचं कूट घालायचं राहिलंय, त्याने कदाचित निभावेल, असं त्यांना वाटलं. डब्यात कूट नव्हतं. म्हणून वाटी घेऊन ते खाली विमलाबाईंकडे गेले.

ही दुसरी चूक.

तळमजल्यावरच्या विमलाबाई मूळच्या सटाण्याकडच्या. मायेच्या बाई, पण त्यांच्याकडे वाटी घेऊन जाणं म्हणजे पेपरात जाहिरात देण्यासारखंच होतं. "कूट? तुम्हले? काय करी राह्यनात?" असं म्हणत त्या कुटाचा डबा घेऊन थेट पगाऱ्यांच्या ओट्यापर्यंत आल्या. पातेल्यात डोकावल्या. मग त्यांनी जो चेहरा केला तो मंगलाबाई गेल्या त्या दिवशीही केला नव्हता.

"भाऊ, काकडी किसतात का कोणी? चोचवायची असते. हातात उभी धरायची, सुरीने टोचे द्यायचे, मग वरून बारीक कापायची. किसली की सगळं पाणी. आणि आधी टोक कापायचं, तेच टोक काकडीवर घासायचं, पांढरा फेस येतो ना, तो काढून टाकायचा. मीठ अगदी ताट वाढताना. पुदिना कुठे आहे?"

"पुदिन्याचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"स्नेहलने. आत्ता दुपारी फोन आला होता तिचा."

पगाऱ्यांना कळलं की चौकशी सुरू झालेली आहे.

त्या संध्याकाळपासून इमारतीला विषय मिळाला. जिन्यात भेटेल तो माणूस काकडीवर बोलू लागला. वरच्या मजल्यावरचा किशोर औषध कंपनीत होता, बॅग घेऊन दवाखाने फिरायचा. तो म्हणाला, "काका, कोशिंबीर जुनी झाली. आता सॅलड करतात. साल काढायची नाही, गोल चकत्या, वर लिंबू. दही नाही, साखर नाही. पण हिरवं ताजं पाहिजे. पुदिना, कोथिंबीर, थोडा शेपू. मुंबईच्या हॉटेलात हेच देतात." सोसायटीचे चेअरमन चंद्रात्रे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी पगाऱ्यांना फाटकापाशी थांबवून सांगितलं, की काकडी आणि दही दोन्ही थंड, एकत्र घेतल्यास कफ होतो, आणि आपल्या वयात कफ हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. पगाऱ्यांनी सगळ्यांना 'बरं' म्हटलं. दिवाळीपासून ते सगळ्यांना 'बरं'च म्हणत होते. सांत्वनाला आलेल्यांना म्हणता म्हणता तशी सवयच लागून गेली होती.

रोज एक काकडी चोचवायची असा त्यांनी नियम केला. पहिल्या दिवशी काकडीपेक्षा अंगठ्याला जास्त टोचे बसले. फेस काढायला म्हणून त्यांनी टोक इतकं घासलं, की हातात शेवटी टोकच उरलं नाही. पण हळूहळू सुरी ऐकू लागली. चोचवलेल्या काकडीचा तो ओला, हिरवा वास स्वयंपाकघरात पसरला की त्यांना वाटायचं, घरात कोणीतरी काहीतरी करतंय. मग लक्षात यायचं, की ते आपणच.

राहता राहिला पुदिना. बाजारात मिळत होता, पण मार्चच्या उन्हात दुपारपर्यंत त्याची मान पडायची. आणि पगाऱ्यांच्या डोक्यात एक कारकुनी विचार आला. स्नेहलला कोशिंबीर दाखवायची, तर सोबत पुरावाही जोडावा. घरी वाढलेला जिवंत पुदिना दाखवला की पुढे कोण विचारणार? विमलाबाईंनी आपल्या नळाजवळच्या पुदिन्याच्या काड्या दिल्या. "खोचा नुसत्या, येतो," म्हणाल्या.

नुसत्या खोचायच्या म्हटल्या तरी त्या कशात तरी खोचाव्या लागतात. तेलाचे रिकामे डबे मिळाले. माती मागच्या मोकळ्या प्लॉटवर होती. पगाऱ्यांनी ती गोणीत भरून लुनाच्या पायाशी ठेवली आणि आणली. फाटकापर्यंत गोणीने साथ दिली. दुसऱ्या जिन्यावर ती तळातून उसवली आणि निम्मी माती पायऱ्या उतरत, वळण घेत, चंद्रात्र्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. तिथे नुकतीच रांगोळी घातलेली होती. चंद्रात्रे दार उघडून आधी मातीकडे, मग पगाऱ्यांकडे पाहत राहिले. पगाऱ्यांनी आयुष्यात साहेबांची बोलणी खाल्ली होती, पण हातात रिकामी गोणी घेऊन कधी खाल्ली नव्हती. त्यांनी गुडघ्यावर बसून सगळा जिना झाडला. चंद्रात्रे दारात उभे राहून कुठे राहिलं ते दाखवत होते.

गॅलरीत ऊन नव्हतं म्हणून डबे गच्चीवर गेले. पुदिन्याच्या शेजारी धणे रगडून पेरले. मग किशोरच्या सांगण्यावरून शेपू. मग विमलाबाई म्हणाल्या, एवढं आहे तर गवती चहाही लावा, म्हणून तोही. रोज संध्याकाळी पगारे बादली घेऊन वर जाऊ लागले. गच्चीवर वारा असायचा. समोर चामर लेण्यांचा डोंगर काळा होत जायचा आणि खाली गोदाकाठच्या देवळांतून घंटा ऐकू यायच्या. मंगलाबाई दर उन्हाळ्यात इथे पापड, कुरडया वाळत घालायच्या. 'जरा वर या, बसा कावळे हाकलत,' म्हणायच्या. पगाऱ्यांना तेव्हा वेळ नसायचा. आता वेळच वेळ होता, आणि कावळे पुदिना खात नव्हते.

काड्यांना पालवी फुटली त्याच दिवशी चंद्रात्रे वर आले.

"पगारे, हे काय?"

"पुदिना."

"ते दिसतंय. परवानगी?"

गच्ची ही सगळ्या सभासदांची. तिथे काही ठेवायचं तर अर्ज पाहिजे, अर्जावर ठराव पाहिजे, आणि गच्चीखालच्या दोन्ही फ्लॅटवाल्यांची 'हरकत नाही' म्हणून सही पाहिजे. एका फ्लॅटमध्ये किशोर होता. दुसरा बंद, मालक सुरतेला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग चंद्रात्र्यांनी स्वतः उन्हात उभं राहून करून घेतलं होतं आणि तिच्यावर त्यांचा मुलीसारखा जीव होता.

पगाऱ्यांनी अर्ज केला. तो परत आला, कारण 'विषय' लिहायचा राहिला होता. दुरुस्त करून दिला. पुन्हा परत आला, कारण झाडांची संख्या आणि वजन नमूद नव्हतं. पगाऱ्यांना राग यायला हवा होता. पण आधी थोडं कौतुकच वाटलं. अशीच त्रुटी काढून अर्ज परत करण्यात त्यांची हयात गेली होती. पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मात्र आजवर कोणी त्यांना कळू दिलं नव्हतं. शेतकरी ऑफिसच्या दारात टोपी काढून 'साहेब, पुन्हा येतो' म्हणायचे, त्यांच्या चेहऱ्यावर काय असायचं ते पाहायला त्यांनी कधी मान वर केली नव्हती. त्या रात्री त्यांना शेव-पावही गेला नाही.

शेवटी चंद्रात्र्यांनी सभा बोलावली. जागेची पाहणीही व्हावी म्हणून सभा गच्चीवरच. माणसं आली, पण गणपूर्ती होण्याइतकी नाही. त्यामुळे ठराव काही होऊ शकला नाही, पण पाहणी मात्र अगदी कसून झाली. जो तो डब्यापाशी वाकला, 'वा, काय वास आहे' म्हणाला आणि चहात टाकायला म्हणून चार पानं खुडून घेऊन गेला. कोणी कोथिंबीर उपटून मुळं पाहिली. सभा बरखास्त झाली तेव्हा डब्यांत काड्या उभ्या होत्या, मुंडण झालेल्या मुलांसारख्या. सगळ्यात जाड जुडी चंद्रात्र्यांच्या हातात होती.

"परवानगी नाही ना अजून?" पगाऱ्यांनी हळूच विचारलं.

"ठेवायला नाही," चंद्रात्रे म्हणाले. "तोडायला लागत नाही."

पगारे 'बरं' म्हणाले आणि बादली घेऊन खाली आले.

जयंती झाली. रविवार उजाडला. काड्यांवर पुन्हा थोडी पानं आली होती, एका वाटीपुरती. पगाऱ्यांनी पहाटे बाजारातून काकड्या आणल्या. आता ते काकडी वाजवत नव्हते, साळूबाईकडून एक तिथेच मोडून दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली होती. स्नेहल निमाणी स्टँडला उतरून रिक्षाने आली ती अपेक्षेपेक्षा लवकर. आल्या आल्या आईच्या फोटोसमोर उभी राहिली, मग स्वयंपाकघरात शिरू लागली.

"बाहेर बस," पगारे म्हणाले. "इथे काम चाललंय."

ती बाहेर बसली. आतून टोच टोच आवाज येत होता. पगाऱ्यांनी काकडी चोचवली, दही घुसळलं, मिरची आणि कूट घातलं, पुदिना, कोथिंबीर, शेपू बारीक चिरून घातला. विमलाबाईंचं सगळं बोलणं त्यांना पाठ होतं. मीठ अगदी शेवटी, ताट वाढताना. ताटं काढली. मीठ घातलं. ढवळणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात चंद्रात्रे, त्यांच्यामागे किशोर.

"काका, माझ्या छताला ओल आलीये," किशोर ओशाळून म्हणाला. "मी नुसतं चेअरमनसाहेबांना दाखवलं…"

"डबे आत्ताच्या आत्ता खाली," चंद्रात्रे म्हणाले. "मी स्वतः उचलून फेकणार होतो, पण म्हटलं आधी सांगावं."

पगाऱ्यांनी तोंड उघडलं. 'बरं' जिभेवर आलंही होतं. पण बाहेर आलं ते वेगळंच.

"नाही."

"काय?"

"नाही म्हणालो. चला वर. पाहणी करू."

हातात दह्याचा चमचा तसाच घेऊन ते जिना चढले. मागे चंद्रात्रे, किशोर, आणि आवाज ऐकून आलेल्या विमलाबाई. पगारे गच्चीच्या मधोमध उभे राहिले.

"किशोर, ओल कुठे आहे? खिडकीच्या बाजूला ना? ती ही बाजू. माझे डबे कुठे? त्या टोकाला. पाणी काय चालत गेलं? चंद्रात्रे, टाकीच्या नळाखाली हात लावा. लावा हात! ओलं आहे की नाही? हा नळ दिवाळीच्या आधीपासून गळतोय. मंगला सांगत होती मला, पापड घालायला कोरडी जागा राहिली नाही म्हणून. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आहे, पाणी कुठून कुठे जातं ते मला शिकवू नका!"

"माझ्या वॉटरप्रूफिंगला नाव ठेवता?"

"ठेवतो! आणि माझी जुडी परत द्या!"

"कसली जुडी?"

"पुदिन्याची! सभेत खुडलेली!"

"ती चटणीत गेली!"

"तो पुदिना मना शे!" विमलाबाई मध्येच कडाडल्या. "काडी मी दिली होती. चेअरमन असाल तुमच्या घरी!"

आवाज इतके चढले, की समोरच्या इमारतीतून माणसं डोकावू लागली. चंद्रात्रे लालबुंद झाले होते. पगाऱ्यांचा श्वास फुलला होता, चमच्यातलं दही शर्टावर आलं होतं, आणि दिवाळीपासून छातीत काहीतरी दगडासारखं बसलं होतं ते हललं असं त्यांना वाटलं. दम घ्यायला ते थांबले तेव्हा त्यांना जिन्याच्या तोंडाशी स्नेहल दिसली. भिंतीला टेकून ती उभी होती, किती वेळ कोण जाणे. ती भांडण सोडवायला पुढे आली नाही. नुसती वडिलांकडे पाहत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

शेवटी किशोरनेच नळाला फडकं बांधलं. डबे विटांवर चढवून कठड्याला लावायचे, प्लंबर बोलवायचा, बाकीचं पुढच्या सभेत, असं काहीतरी ठरलं. चंद्रात्र्यांनीही एक डबा उचलला, मात्र तोंड फिरवून.

खाली आले तोवर कोशिंबिरीचं तळं झालं होतं. मिठाने सगळं पाणी सोडलं होतं आणि काकडीचे तुकडे त्यात गोदावरीतल्या दिव्यांसारखे तरंगत होते. पगारे पातेल्याकडे बघत राहिले. इतके दिवस चोचवलं, ते यासाठी.

"वाढा," स्नेहल म्हणाली.

त्यांनी वाढली. ती थेट वाटीच तोंडाला लावून प्यायली. पगारे वाट पाहत होते. छान झालीये असं ती म्हणाली असती तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

"शेपू जास्त झालाय," ती म्हणाली. "आणखी वाढा."

दोघं जेवले. जेवून झाल्यावर पगाऱ्यांनीच विषय काढला, कारण टांगून ठेवलेली फाईल त्यांना सहन होत नसे. "त्या खोलीचं काय म्हणत होतीस?"

स्नेहलने ताटं गोळा केली. "काही नाही. मनोज म्हणत होता, यंदा कांदा बरा आलाय घरचा, ठेवायला जागा नाही. म्हटलं, मागच्या खोलीत टाकू."

"चुना मारलेल्या खोलीत?"

"कांद्याला चांगलंच की. हवा लागते."

पगाऱ्यांना हायसं वाटलं, आणि लगेच थोडं लागलंही. ज्या खोलीत आपल्याला ठेवणार होते तिथे इतक्या सहज कांदा जावा, निदान एकदा आग्रह तरी करायचा. पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. ते ओट्यापाशी गेले आणि शर्टावरचं दही धुऊ लागले.

संध्याकाळी ते तिला निमाणीवर सोडायला गेले. बस लागली, स्नेहल खिडकीशी बसली. "पप्पा, मे महिन्यात या ना चार दिवस. मुलंही विचारतात."

"बघू," पगारे म्हणाले. "वेळ मिळाला पाहिजे."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. स्नेहल हसली. बस धूर सोडत दिंडोरी रोडला लागली. पगारे झपाझप घराकडे निघाले. झाडांना पाणी घालायचं राहिलं होतं, आणि चंद्रात्र्यांशी भांडण तर अजून अर्धंच झालं होतं.